किरणोत्सर्गी पार्सलांवरील पृष्ठदूषण

संशोधन-प्रयोगशाळांना पाठवल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी रसायनांच्या पार्सलावर, त्याच्या आतल्या वेष्टनांवर किंवा कुपीच्या बाहेरच्या अंगाला किरणोत्सर्गी द्रव्याचा अंश लागलेला आढळणे, म्हणजे पृष्ठदूषण. पार्सलातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग ही वेगळी बाब आहे : पिवळे लेबल असलेल्या खोक्याजवळ मापकाने आकडा दाखवणे अपेक्षितच असते, आणि तो आकडा मर्यादेत आहे एवढ्यावरून पृष्ठभाग स्वच्छ ठरत नाही. सुटा, म्हणजे पुसल्यावर निघणारा, अंश हाताला, टेबलाला, गाडीच्या तळाला लागून पसरतो. म्हणून तपासणीचा खरा रोख त्याच्यावर असतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वाहतूक-नियमांनुसार पार्सलाच्या बाह्य पृष्ठभागावरील सुटे दूषण बीटा व गॅमा उत्सर्जकांसाठी, तसेच कमी विषारी आल्फा उत्सर्जकांसाठी, दर चौ. सेंमी.ला ४ बेकरेल (१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) आणि इतर आल्फा उत्सर्जकांसाठी ०.४ बेकरेल यांपेक्षा जास्त असता कामा नये. ही सरासरी ३०० चौ. सेंमी. क्षेत्रावर काढली जाते. फॉस्फरस-३२ असलेली ९.२५ मेगाबेकरेलची (९२.५ लाख बेकरेलची) एक कुपी घेतली, तर तिच्यातील द्रव्याचा सुमारे पावणेआठ हजारावा भाग एवढ्या क्षेत्रावर पसरला तरी मर्यादा गाठली जाते. डोळ्यांना तो दिसणार नाही, हे उघड आहे.

तपासणीसाठी गाळणकागदाची चकती पृष्ठभागावर फिरवून ती मोजतात. या पुसणी-चाचणीत सगळे सुटे द्रव्य निघत नाही. किती निघते हे ठाऊक नसेल, तर दहावाच भाग निघाला असे धरून हिशेब करण्याची रीत आहे. फॉस्फरस-३२चे जोरकस बीटा कण गायगर गणकाला सहज सापडतात, परंतु ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाच्या) बीटा कणांची कमाल ऊर्जा १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढीच असल्यामुळे ते गणकाच्या खिडकीतून आतच जात नाहीत आणि त्यासाठी द्रव-प्रस्फुरण गणकच (नमुना द्रवात मिसळून त्यातील प्रकाशाचे लुकलुकणे मोजणारे उपकरण) लागतो. उलट, हवेतील रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची अपत्यद्रव्ये (त्याच्या विघटनातून बनणारी द्रव्ये) प्लॅस्टिकवर साचून खोटी धास्ती निर्माण करतात. काही तासांनी पुन्हा मोजल्यावर आकडा घसरला, तर तो बहुधा त्यांचाच असतो.

दूषणाचे मूळ नेहमी गळक्या कुपीत नसते. पाठवणाऱ्याचे पॅकिंगचे टेबल, वाहन किंवा शेजारचे पार्सल यांपैकी कशामुळेही ते लागू शकते. त्यामुळे समस्थानिक (मूलद्रव्याचे विशिष्ट अणुरूप) कोणता, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो : खोक्यात ट्रिटियम आणि बाहेर आयोडीन-१२५ असेल, तर शोध दुसरीकडे वळतो. गंधक-३५ लावलेल्या मेथिओनीन या ॲमिनो आम्लाची गोष्ट निराळी आहे. त्यातून बाष्पशील संयुगे सुटत असल्याने कुपी शाबूत असूनही आतील वेष्टने दूषित निघतात, आणि ती धूर-कपाटातच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटातच) उघडणे योग्य. बाहेरची चाचणी स्वच्छ आली म्हणून आतले थर न तपासणे ही नेहमीची, पण टाळण्याजोगी हयगय आहे.

दूषण उशिरा कळले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत ३१ डिसेंबर १९७१ रोजी घडले. डेल्टा कंपनीच्या प्रवासी विमानात द्रवरूप मॉलिब्डेनम-९९चे पार्सल गळले आणि गळती लक्षात येण्यापूर्वी ते विमान आणखी प्रवाशांना घेऊन उडाले होते. अमेरिकी नियमांनुसार आता लेबल असलेले पार्सल कामाच्या वेळेत मिळाल्यापासून ३ तासांच्या आत तपासावे लागते आणि मर्यादा ओलांडलेली आढळल्यास शेवटच्या वाहतूकदाराला व अणुनियामक आयोगाला तात्काळ कळवावे लागते. भारतात प्रयोगशाळांना अशी द्रव्ये पुरवणारे प्रारण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ (ब्रिट) नवी मुंबईत वाशीला आहे, तर वाहतुकीवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला.

दूषित पार्सल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवतात, हातमोजे बदलतात आणि ते जेथे जेथे टेकले होते त्या जागा, ढकलगाडी, हात व पादत्राणे तपासतात. फॉस्फरस-३२चे अर्धायुष्य (किरणोत्सर्गिता निम्मी होण्यास लागणारा काळ) १४.३ दिवस असल्याने दूषित पुठ्ठा सुमारे पाच महिने राखून ठेवला की त्याची किरणोत्सर्गिता हजारपटीहून अधिक घटते. ट्रिटियमच्या बाबतीत, अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने, हा मार्ग उपयोगाचा नाही.