कॉलेजला का आलात? पहिल्या वर्षाच्या पोरांचं खरं कारण कुठं लपलेलं असतं

एफवायच्या पहिल्या लेक्चरला मी काही शिकवत नाही. प्रत्येकाला अर्धा कागद देते आणि सांगते, कॉलेजला का आलात ते लिहा, नाव टाकू नका. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. कागद परत आले की जवळपास सगळ्यांवर एकच गोष्ट असते, नोकरी. कुणी एमपीएससी लिहितं, कुणी पोलीस भरती, कुणी नुसतंच "स्वतःच्या पायावर उभं राहायचंय". यावर्षी एका कागदावर नोकरी लिहून झाल्यावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात अजून एक ओळ होती: "साडेसहाची एसटी कॉलेजच्या गेटवरच थांबते म्हणून पप्पा हो म्हणाले." तो कागद मी जपून ठेवलाय, कारण मला वाटतं त्या वर्गातलं सगळ्यात खरं उत्तर तेच होतं.

हाच प्रश्न अमेरिकेतही कित्येक वर्षं विचारला जातोय. तिथं पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांचा १९६६ पासून दरवर्षी मोठा सर्व्हे होतो, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून तो अनेक वर्षं चालवला गेला. कारणांची यादी दिलेली असते आणि प्रत्येक कारण किती महत्त्वाचं ते सांगायचं असतं. "चांगली नोकरी मिळावी" हे कारण खूप महत्त्वाचं म्हणणारे १९७६ साली ६७.८ टक्के होते, २०१२ मध्ये ८७.९ टक्के झाले. २००८ च्या मंदीआधी "आवडीच्या विषयाबद्दल जास्त शिकायला मिळावं" हे कारण वर असायचं, मंदी आली, घराघरात नोकऱ्या गेल्या आणि नोकरीचं कारण वर चढलं. म्हणजे पोरं जे लिहितात त्यात त्या काळाची काळजी उतरते आणि ती खोटी नसते, आमच्या पोरांनी लिहिलेली एमपीएससी पण खोटी नाही.

पण "कशासाठी" आणि "कशामुळे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माणसाला विचारलं की तो बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर देतो.

मानसशास्त्रात याचा एक जुना प्रयोग आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या दोघांनी १९७७ साली तो छापला. दुकानात टेबलावर पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि येणाऱ्या लोकांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला? चारही जोड अगदी सारखेच होते. तरी ४० टक्के लोकांनी सगळ्यात उजवीकडचा उचलला, सगळ्यात डावीकडचा फक्त १२ टक्क्यांनी. का निवडला विचारल्यावर कुणी वीण चांगली म्हणालं, कुणी कापड तलम, पण तो उजवीकडं होता म्हणून असं एकानंही सांगितलं नाही. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्या गोष्टीनं आपल्याला ढकललं ती बऱ्याचदा आपल्याला दिसतच नाही, मग आपण शोभेल असं कारण शोधतो आणि त्यावर आपलाच विश्वास बसतो.

म्हणून संशोधक आता नुसतं विचारत बसत नाहीत, एखादी गोष्ट बदलून बघतात किंवा मुलं प्रत्यक्षात काय निवडतात ते मोजतात. अर्थतज्ज्ञ गिरीजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या सुमारे ४००० विद्यार्थ्यांची माहिती घेतली, कुणाला किती मार्क होते, कुठली कॉलेजं मिळू शकत होती, घरापासून तिथं जायचे रस्ते कुठले आणि ते किती सुरक्षित वाटतात. त्यातून दिसलं की रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली वरच्या दर्जाचं कॉलेज सोडून दर्जाच्या यादीत खालच्या अर्ध्यातलं कॉलेज घ्यायला तयार होत्या, आणि तसा रस्ता मिळावा म्हणून मुलांच्या तुलनेत वर्षाला १८,८०० रुपये जादा खर्च करायलाही तयार होत्या. "हे कॉलेज का निवडलंस" असं त्याच मुलींना विचारलं असतं तर रस्त्याचं कारण कितीजणींनी लिहिलं असतं? मला वाटतं एखादीनंच, तीही कोपऱ्यात.

दुसरी गोष्ट फॉर्मची. अमेरिकेत कॉलेजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज फार लांबलचक असायचा. ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात कमी उत्पन्नाची कुटुंबं टॅक्स भरायला एका कंपनीच्या ऑफिसात यायची, तिथं संशोधकांनी काही कुटुंबांना तो अर्ज तिथल्या तिथं भरून दिला, टॅक्सची माहिती समोर होतीच त्यामुळं दहा मिनिटांचं काम. काहींना फक्त माहिती दिली की तुम्हाला इतकी मदत मिळू शकते. अर्ज भरून दिलेल्या घरातल्या बारावीच्या पोरांमध्ये पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणारे २८ वरून ३६ टक्के झाले. नुसती माहिती दिलेल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचा जून-जुलै आठवला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, सेतू केंद्राची रांग, सर्व्हर डाऊन, ओटीपी जातोय मामाच्या मोबाईलवर आणि मामा शेतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ केली, फार चांगला निर्णय, पण ती सवलत सुद्धा दाखला हातात असलेल्या मुलीलाच मिळते.

आणि नोकरीचं म्हणाल तर ती डोळ्यांना दिसावी लागते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीच्या आसपासच्या १६० गावांत प्रयोग केला, त्यातल्या निम्म्या गावांत कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी भरती करणारी माणसं तीन वर्षं जात राहिली. त्या गावांत तरुण मुलींची लग्नं लांबली, त्या कॉम्प्युटर आणि इंग्रजीच्या क्लासला जायला लागल्या, लहान मुली शाळेत जास्त टिकल्या. गावातल्याच कुणाच्या तरी पोरीला कामाला जाताना बघितलं की मग घरात विषय निघतो, भिंतीवरच्या घोषणेनं तो निघत नाही.

या सगळ्या सर्व्हेंमध्ये, माझ्या अर्ध्या कागदात सुद्धा, एक मोठं भोक आहे. आपण फक्त आलेल्यांना विचारतो. जी आली नाही तिला कुणी कागद देतच नाही.

म्हणून परवा वर्गात प्रश्न बदलून विचारला, तुमच्या बारावीच्या वर्गातली कुठली हुशार मैत्रीण, कुठला मित्र आज इथं नाही, आणि का? आधी सगळे गप्प. मग एक बोलली, तिच्या मागून दुसरी, मग मुलगे पण. एकाचा दाखला वेळेत आला नाही. एकीच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं आणि मग हिचंही त्याच मांडवात उरकलं. एक बापाबरोबर ऊसतोडीला गेला. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तिला माझ्यापेक्षा नऊ टक्के जास्त होते. पण ती वस्तीवर राहते, एसटी गावाच्या फाट्यापर्यंतच येते, आणि फाटा वस्तीपासून तीन किलोमीटर."