‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ आणि समुद्री गोगलगाय

आरटीओच्या चलनाचे किंवा लग्नपत्रिकेचे नाव देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकणारी फाइल) येते, कुणीतरी ती उघडतो आणि खाते रिकामे होते. ही बातमी आता वरचेवर वाचायला मिळते. त्याखाली लोकांचे शेरेही ठरलेले असतात : ‘फोन एवढा सांगत होता, वाचायला काय झालं होतं?’ अँड्रॉइड फोन अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप टाकण्याआधी खरोखरच अडवतो आणि धोका सांगतो. तरीही बोट पुढे जाते. याला अडाणीपणा किंवा निष्काळजीपणा म्हणणे मला साफ चुकीचे वाटते.

नाशिकच्या सिडकोतल्या एखाद्या सेवा केंद्रात नवा प्रिंटर बसवताना नीट पाहा. सेटअप सुरू होते. दुसऱ्या की तिसऱ्या खिडकीत लिहिलेले असते, ‘सांगेपर्यंत यूएसबी केबल जोडू नका.’ पण केंद्र चालवणाऱ्याचे लक्ष त्या ओळीवर जातच नाही. माउसचा बाण उजव्या कोपऱ्यात, ‘नेक्स्ट’ उमटण्याच्या जागी आधीच जाऊन थांबलेला असतो. खिडकी पुरती उमटायच्या आत क्लिक झालेले असते आणि केबल तर मघाशीच जोडलेली असते. मग प्रिंटर सापडत नाही, दाखल्यांसाठी आलेली माणसे ताटकळतात. हा चालक दिवसभर सरकारी अर्ज बिनचूक भरतो. त्याला वाचता येत नाही असे कोण म्हणेल?

मग ती ओळ त्याला दिसत का नाही? याचे उत्तर अ‍ॅप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईने दिले आहे. तिच्या सगळ्या चेतासंस्थेत मिळून साधारण 20,000 चेतापेशी असतात. तिच्या श्वसननळीला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. तोच स्पर्श पुन्हा पुन्हा केला, की ओढणे कमी कमी होत जाते. स्नायू थकला असेल म्हणावे, तर शेपटीला एक झटका दिला की कल्ला पुन्हा जोरात आत जातो. म्हणजे स्नायू ठणठणीत आहे, बदल झालाय तो निरोप पोहोचवण्यात.

मेंदूसंशोधक एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल थेट चेतासंधीवर, म्हणजे दोन चेतापेशी जुळतात त्या जागी, पकडला. स्पर्श ओळखणारी पेशी पुढच्या पेशीला निरोप देते तो रसायनाने. हे रसायन सूक्ष्म पुटिकांमध्ये (पिशव्यांमध्ये) भरलेले असते आणि प्रत्येक विद्युतस्पंदाबरोबर काही पुटिका रिकाम्या होतात. स्पर्श निरुपद्रवी आहे आणि तोच तो आहे, असे झाले की दर स्पंदामागे सुटणाऱ्या पुटिकांची संख्या घटते. घेणाऱ्या पेशीची संवेदनशीलता मात्र तेवढीच राहते. म्हणजे ऐकणारा बहिरा होत नाही, सांगणाराच हळू बोलू लागतो! रोज दहा स्पर्श, असे चार दिवस केले तर हा परिणाम तीन आठवडे टिकतो. स्मृतीच्या या संशोधनासाठी कँडेल यांना 2000 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

थॉम्पसन आणि स्पेन्सर या संशोधकांनी 1966 मध्ये असा प्रतिसाद मंदावण्याचे, म्हणजे सरावण्याचे नियम मांडले. त्यातला एक आपल्या फार कामाचा आहे : एका उद्दीपकाला (स्पर्श, आवाज, दृश्य अशा प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टीला) सरावलेला प्राणी त्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या उद्दीपकालाही सरावतो. कुकीज मान्य करा, अपडेट नंतर करा, अ‍ॅपला रेटिंग द्या, अशा खिडक्या आपण दिवसभर बंद करतो. तशाच चौकटीत, तशाच बटणांसह खरा धोका आला तर तोही त्यातच जातो. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात माणसांना एमआरआय यंत्रात ठेवून सुरक्षा-इशारे दाखवले गेले. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तेव्हाच मेंदूच्या दृष्टीसंबंधित भागातली हालचाल चांगलीच उतरली होती. इशाऱ्याचे रूप दरवेळी बदलले, तेव्हा ही घसरण कमी होती. ‘माणसाची एकाग्रता गोल्डफिशसारखी 8 सेकंदांवर आली’ हे वाक्य प्रेरणादायी व्याख्यानांत हमखास ऐकू येते, पण त्यामागे धड संशोधन नाही. सरावणे हा मेंदूचा बिघाड नाहीच. त्याच्याशिवाय अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही आपल्याला दिवसभर छळत राहील.

मग अक्षरे लाल आणि मोठी करून भागेल? द्वारका चौकात सगळेच हॉर्न वाजवतात, म्हणून कुणीच बाजूला होत नाही. लाल रंग उठून दिसतो तो आजूबाजूला दुसरे काही लाल नसेल तेव्हाच. फायरफॉक्स ब्राउझरने एक्स्टेंशन (जोड-सुविधा) टाकताना ‘इन्स्टॉल’ बटण काही सेकंद निष्क्रिय ठेवण्याची युक्ती केली होती, त्यामुळे सवयीचे क्लिक निदान वाया जाते. मॅकवर सॉफ्टवेअर टाकून देणारे होमब्रू एकदम अनेक पॅकेजेस टाकली की महत्त्वाच्या सूचना शेवटी पुन्हा एकत्र दाखवते, कारण मधल्या ओळी तोवर पडद्यावरून वर सरकलेल्या असतात.

पण टाइप करून घेतले तरी खात्री नसते. डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर (ही संगणकाची कार्यप्रणाली) अत्यावश्यक भाग काढायचा तर ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ हे पूर्ण वाक्य लिहावे लागे. 2021 मध्ये एका नामवंत यूट्यूबरने स्टीम हे गेमचे सॉफ्टवेअर टाकताना पॉप ओएस या त्याच घराण्यातल्या लिनक्सवर ते लिहिले आणि त्याचा अख्खा डेस्कटॉपच उडाला. त्यानंतर एपीटीने, म्हणजे या लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाने, ती सोयच बंद केली. आता त्यासाठी आज्ञेतच वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

मला हीच दिशा योग्य वाटते. यूएसबीला प्रिंटर जोडला आहे का, हे सेटअपला स्वतः तपासता येते. केबल जोडलेली नसेल तर ती ओळ दाखवायचीच नाही. जोडलेली असेल तरच थांबायचे, ‘केबल काढा’ एवढेच म्हणायचे, आणि ती निघेपर्यंत ‘नेक्स्ट’ बटण द्यायचेच नाही. नाशिकमध्ये सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांनी आपल्या पुढच्या सेटअपमध्ये हे जरूर करून पाहावे, त्याला दहा-वीस ओळींहून जास्त कोड लागू नये.