पार्श्वभूमी : २०१९चं कोथरूड आणि किशोर शिंदेंची लढत

कोथरूड मतदारसंघ तसा नवा. २००८च्या पुनर्रचनेतून तो निघाला आणि २००९ला शिवसेनेचे चंद्रकांत मोकाटे इथले पहिले आमदार झाले. मनसेचे ॲड. किशोर शिंदे तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होते. २०१४ला युती तुटली आणि भाजपच्या मेधा कुलकर्णींनी मोकाटेंना तब्बल ६४,६६२ मतांनी पाडलं.

असं असताना २०१९ला पक्षाने कुलकर्णींचंच तिकीट कापलं आणि प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटलांना उभं केलं. पाटील पुणे पदवीधरमधून दोनदा निवडून आलेले, शिवाय पुण्याचे पालकमंत्री. म्हणजे अगदीच परके नव्हेत. पण पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा, आणि दादा कोल्हापूरचे. त्यात ऑगस्टमध्ये कोल्हापूर पुरात बुडालेलं, त्यामुळे टोमण्यांना तोटा नव्हता. ‘दूरचा नको, घरचा हवा’ अशा आशयाचे फ्लेक्स कोथरूडमध्ये झळकले. ब्राह्मण संघटनांमधूनही नाराजीचे सूर निघाले. भेटीगाठी घेऊन पाटलांनी ते बरेचसे शांत केले.

ही नाराजी वाया जाऊ नये म्हणून काँग्रेस-राष्ट्रवादीने उमेदवारच दिला नाही, शिंदेंना पाठिंबा दिला. घड्याळवाल्यांनी इंजिनाचा प्रचार करायचा, हेही त्या वर्षी पाहायला मिळालं. ९ ऑक्टोबरची राज ठाकरेंची पुण्यातली पहिली सभा मात्र पावसाने धुतली.

२४ ऑक्टोबरचा निकाल : पाटील १,०५,२४६, शिंदे ७९,७५१. फरक २५,४९५.

‘मताधिक्य निम्म्याहून खाली आलं’ असं तेव्हा सगळे सांगत होते. ते खरंच आहे, पण अर्धवट. कुलकर्णींना २०१४ला १,००,९४१ मतं होती, म्हणजे पाटलांची मतं उलट चार हजारांनी वाढली. फरक घटला तो समोरची मतं एका पेटीत आल्यामुळे. मला खटकतो तो दुसराच हिशोब. या वेळी सेना युतीत होती. २०१४ची मोकाटेंची ३६,२७९ मतं भाजपच्या मतांत मिळवली तर बेरीज १,३७,२२० होते. पाटलांना त्यापेक्षा जवळपास बत्तीस हजार कमी पडली. ती सेनेची की रुसलेल्या भाजपवाल्यांची, कुणास ठाऊक. दोघांचीही असावीत.

२०२४ला मोकाटे उद्धव ठाकरेंच्या सेनेकडून उभे राहिले, शिंदे पुन्हा मनसेकडून. विरोधी मतं फुटली, शिंदे तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि पाटील १,१२,०४१ मतांनी निवडून आले. मेधा कुलकर्णी तोवर राज्यसभेवर पोचल्या होत्या.