गाड्या वाढल्या की मृत्यू वाढतातच का?

अपघाताची मोठी बातमी आली की "गाड्या इतक्या वाढल्या, मग माणसे मरणारच" असे सर्रास म्हटले जाते. आकडेवारी मात्र याला पुरता दुजोरा देत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. जे. स्मीड यांनी 1949 मध्ये 20 देशांची 1938 सालची आकडेवारी मांडून दाखवले की लोकसंख्या तेवढीच असेल, तर मृत्यू वाहनसंख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे वाहने आठपट झाली तर मृत्यू दुप्पट होतात आणि दर वाहनामागचे मृत्यू एक चतुर्थांशावर येतात. हा काही निसर्गनियम नव्हे. ग्रेट ब्रिटनमध्ये 1966 साली सुमारे 8,000 माणसे रस्त्यावर मेली. 2010 पासून, वाहने कितीतरी वाढूनही, हा वार्षिक आकडा 2,000 च्या आत आहे. भारतात 2022 साली 1,68,491 मृत्यू झाले आणि त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते. तेव्हा वाहने किती, याइतकेच ती कोणती आणि जखमी माणूस रुग्णालयात कधी पोहोचतो, हेही विचारले पाहिजे.

प्रौढ शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. पोटातला प्लीहा (स्प्लीन) हा अवयव फाटून त्यातले दीड-दोन लिटर वाहून गेले की पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, पेशी प्राणवायूविनाच ऊर्जा तयार करू लागतात आणि साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे रक्ताची आम्लता वाढते. ऊर्जेअभावी शरीर थंडावते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी बहुतेक विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) आहेत आणि ती ठरावीक तापमानात व आम्लतेतच नीट काम करतात. ही दोन्ही बिघडली की गुठळी धरत नाही, रक्तस्राव वाढतो आणि त्याने आम्लता आणखी वाढते. नुसते सलाइन चढवून हे चक्र तुटत नाही, कारण सलाइनमध्ये ना प्राणवायू वाहणाऱ्या पेशी असतात, ना गोठवणारी प्रथिने. त्यासाठी रक्तपेढी आणि शल्यचिकित्सकच लागतो.

समृद्धी महामार्गावर 2023 मध्ये अपघात टळावेत म्हणून महामृत्युंजय यंत्र बसवले गेले, हे म्हणूनच मला अत्यंत क्लेशदायक वाटते. असल्या कोणत्याही यंत्राने रक्तस्रावाचे हे चक्र थांबत नाही.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल या स्वस्त औषधाने गुठळी विरघळण्याची क्रिया रोखली जाते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 20,000 हून अधिक जखमींवरील चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले. परंतु तीन तासांनंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढल्याचे पुढील विश्लेषणात दिसले. त्यामुळे हे औषध जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात असून भागणार नाही, ते घटनास्थळी पोहोचणाऱ्या रुग्णवाहिकेत असायला हवे.