फळांच्या गोडात उष्ण मसाले आले कुठून?

सफरचंदाच्या किंवा नासपतीच्या फोडी, थोडं पाणी, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चिमूटभर सुंठ आणि उतरवताना किसलेलं जायफळ. साखर नाहीच, किंवा असलीच तर नावापुरती. ‘हेल्दी डेझर्ट’ म्हणून हल्ली अशा कृती सगळीकडे दिसतात आणि ही नव्या काळाची पळवाट आहे, असं आपण धरून चालतो. इतिहास नेमका उलटा आहे. फळ आणि मसाला ही जोडी जुनी, साखर तिच्यात मागाहून शिरली. आणि ही जोडी जमवण्यात आचाऱ्यांइतकाच वैद्यांचाही हात होता.

‘अपिकियस’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात नासपतीचा एक पदार्थ आहे. नासपती उकडायच्या, मधला गाभा काढायचा, मिरी आणि जिऱ्याबरोबर कुटायच्या. मग मध, मनुकांची गोड वाइन, तेल आणि अंडी घालून शिजवायचं आणि वर पुन्हा मिरपूड भुरभुरवायची. या यादीत मासे आंबवून केलेला खारट रसही आहे! नाक मुरडण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की तो मिठाच्या जागी वापरला जाई आणि गोड-खारट चवी तेव्हा सर्रास एकत्र येत.

मिरी कशाला, याचं उत्तर त्या काळच्या वैद्यकात सापडतं. दुसऱ्या शतकातल्या गालेन या वैद्यानं ग्रीक परंपरेतून जी मांडणी पक्की केली, तिच्यात प्रत्येक खाद्य उष्ण किंवा शीत आणि कोरडं किंवा ओलं असे. अकराव्या शतकात इब्न सीना या हकिमाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथानं हीच चौकट आणखी बारकाईनं लावली आणि तो ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत पुढे कित्येक शतकं शिकवला गेला. (द्रव्याचं उष्ण-शीत वीर्य आयुर्वेदही मानतो, पण ती घडण स्वतंत्र.) या हिशेबात बहुतेक ताजी फळं थंड आणि ओली ठरली. कच्चं फळ पोटात पडून राहतं, नासतं आणि ताप आणतं, अशी वैद्यांची धारणा होती. आज जे फळ पथ्याचं पहिलं नाव आहे, ते तेव्हा कुपथ्याच्या यादीत होतं. उतारा सरळ होता: थंड-ओल्यावर उष्ण-कोरडं. म्हणजे फळ शिजवा, शक्यतो वाइनमध्ये, आणि दालचिनी, आलं, लवंग, मिरी घाला. चेरी, आलुबुखार अशी मऊ फळं जेवणाआधी खावीत आणि नासपती, क्विन्स अशी तुरट फळं जेवणानंतर, कारण ती जठराचं तोंड ‘बंद’ करतात, असंही सांगितलं जाई. शिजवलेलं मसालेदार फळ जेवणाच्या शेवटी येण्यामागे चवीबरोबर हा वैद्यकीय हिशेबही होता.

चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या एका इंग्रजी हस्तलिखितात पिठाच्या पारीत भरलेल्या सफरचंदाचा पदार्थ आहे. आत सफरचंद, नासपती, अंजीर, मनुका, ‘चांगले मसाले’ आणि केशर. वेगळी साखर नाही. गोडी सगळी सुक्या मेव्याची. पंधराव्या शतकातल्या कृतींमध्ये वॉर्डन नावाची नासपती भेटते. ती इतकी टणक, की कच्ची दातांना दाद देत नाही. ती आधी उकडायची, मग वाइन आणि दालचिनीच्या पाकात मुरवायची आणि शेवटी आलं, केशर आणि थोडा व्हिनेगर. इथे साखर दिसते, पण मसाला म्हणूनच. ती मसाले विकणाऱ्या आणि औषधं देणाऱ्या दुकानांतच मिळे आणि औषधातच मोडे.

मसाले कुजक्या मांसाचा वास झाकायला वापरत, ही कथा अजूनही सांगितली जाते. ती पटण्यासारखी नाही. ज्याला दालचिनी परवडत होती, त्याला ताजं मांस परवडत नव्हतं काय?

महागाईचं कारण भूगोलात होतं. जायफळ फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर, लवंग त्यांच्या उत्तरेकडच्या मोजक्या बेटांवर, उत्तम दालचिनी श्रीलंकेत. 1498मध्ये पोर्तुगीज समुद्रमार्गानं हिंदुस्थानात पोहोचले आणि पुढची दोन शतकं या चिमूटभर पदार्थांसाठी रक्त सांडलं. 1621मध्ये डच कंपनीनं बांदाचे बहुतांश रहिवासी मारले, हाकलले किंवा गुलाम केले. 1770च्या सुमारास फ्रेंचांनी लवंग-जायफळाची रोपं चोरून मॉरिशसला नेली, तेव्हा ही मक्तेदारी सैल झाली.

मसाले हाताशी येऊ लागले तसा त्यांचा तोराही उतरला. सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच स्वयंपाकघरांनी मांसाच्या रश्श्यातून दालचिनी-जायफळ मागे सारायला सुरुवात केली. लोणी, मशरूम आणि ताज्या पाल्याची चव पुढे आली. वैद्यकातली उष्ण-शीताची चौकटही त्याच काळात खिळखिळी होत होती. हकालपट्टी झालेल्या मसाल्यांना गोड पदार्थांत आसरा मिळाला. तिथे एव्हाना साखर मालकीण झाली होती. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या उसानं ती स्वस्त केली. 1747मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफनं बीटातली साखर ओळखली, 1801मध्ये आखार्डनं बीटसाखरेचा कारखाना काढला, आणि एकोणिसाव्या शतकात साखर सामान्य घरातही पोत्यानं येऊ लागली. फळाच्या गोडात फळाचीच चव शोधावी लागते, ती त्या काळापासून.

‘आरोग्यदायी’ या शब्दानं मात्र कमाल कोलांटी मारली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम या आहारसुधारकानं मसाल्यांवरच फुली मारली. ते शरीराला नाहक चेतवतात, असं त्याचं म्हणणं. 1900च्या आसपास झुरिकच्या डॉक्टर बिर्खर-बेनरनं रुग्णांना कच्चं सफरचंद किसून द्यायला सुरुवात केली. पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि कच्च्या फळाचं पारडं पुरतं जड झालं. तेच सफरचंद, आणि वैद्यांचा सल्ला नेमका उलटा.

मसाल्यांच्या उष्णतेत मात्र काही तथ्य निघालं. मिरपुडीतलं पायपरिन आणि आल्यातलं जिंजरॉल हे उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरच्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतात. ही ग्राही 1997मध्ये डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेनं मिरचीच्या मदतीनं शोधली आणि त्याबद्दल 2021चं नोबेल त्याला विभागून मिळालं. आलं वाळवलं की जिंजरॉलचं शोगाओल होतं, ते जास्त तिखट. म्हणून आल्यापेक्षा सुंठ बेतानं घालायची. यातून शरीर खरोखर तापतं असं नव्हे, पण जिभेला आणि घशाला ऊब जाणवते.

साखरेचा हिशेब 2015च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे: मोकळी (म्हणजे मुख्यतः वरून घातलेली) साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास 5 टक्क्यांच्या आत. सबंध फळातली साखर यात धरत नाहीत. मध आणि फळांचा रस मात्र धरतात, त्यामुळे ‘साखरेऐवजी मध’ म्हणत मिरवणाऱ्या कृतींना इथे सूट नाही.

आणि पथ्याच्या नावाखाली दालचिनीचा डबा उपडा करण्याआधी ती कुठली आहे ते पाहावं. बाजारात बहुधा मिळते ती कॅशिया: जाड, कडक साल, एकाच वळणाची. तिच्यात कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य बऱ्यापैकी असतं, आणि ते जास्त गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपातली मर्यादा किलोमागे रोज 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका लहान चमच्यातही तेवढं भरू शकतं. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, बोटांत सहज चुरणारी असते आणि तिच्यात कुमारिन नगण्य असतं. कधीमधी चिमूटभर घालायची तर कुठलीही चालेल. रोज खायची असेल तर श्रीलंकेची घ्यावी.