जपानी उजवा राष्ट्रवाद : करारांवरचा राग आणि बदलते शत्रू

१८५३ मध्ये अमेरिकी नौदल अधिकारी पेरीची जहाजे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात शिरली आणि पाच वर्षांत शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने देश चालवणाऱ्या लष्करी शासकाच्या, सरकारने पाश्चात्त्य सत्तांशी असे करार केले, की परदेशी गुन्हेगारावर खटला चालवण्याचा आणि आयातीवरील जकात स्वतः ठरवण्याचा अधिकार जपानकडे उरला नाही. ‘सम्राटाचा मान राखा, परकीयांना हाकला’ या घोषणेने भारलेल्या सामुरायांनी १८६० मध्ये एदोच्या किल्ल्याबाहेर ठार केले ते मात्र करारामागच्या जपानी मंत्र्याला, ई नाओसुकेला. शत्रू बाहेरचा, पण संताप झुकणाऱ्या स्वकीयांवर, हा प्रकार पुढे वारंवार दिसतो.

चीनकडून १८९५ मध्ये जिंकलेला लिआओतुंग द्वीपकल्प रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या दडपणामुळे सोडावा लागला. तीनच वर्षांत त्याचे दक्षिण टोक रशियानेच भाडेपट्ट्याने घेतले, तेव्हा रशियाद्वेष पक्का झाला. रशियाला आशियात रोखण्यासाठी १९०१ मध्ये कोकुर्यूकाई ही संघटना निघाली. रशियाशी झालेले युद्ध जिंकूनही १९०५ च्या पोर्ट्समथ तहात नुकसानभरपाई मिळाली नाही, म्हणून टोकियोत हिबिया उद्यानापासून दंगल पेटली आणि पोलीस चौक्या जाळल्या गेल्या.

याच वर्तुळातल्या तोयामा मित्सुरू यांनी १९१५ मध्ये ब्रिटिशांपासून लपलेल्या रासबिहारी बोस यांना आश्रय दिला. आपल्याकडे कृतज्ञतेने सांगितली जाणारी ही आठवण खरीच आहे. परंतु आशियाच्या मुक्तीची भाषा बोलणाऱ्या याच मंडळींनी कोरिया गिळंकृत करण्यासाठी जिवाचे रान केले होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

जपानच्या युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या लंडनच्या नौदल करारावरून १९३० मध्ये पंतप्रधान हामागुची यांच्यावर गोळी झाडली गेली आणि १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांचा खून केला.

दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर कम्युनिझमच्या भीतीने बहुतेक उजवे गट कालच्या शत्रूच्या, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला गेले. अमेरिकी साम्राज्यवाद हा चीन आणि जपान यांचा समान शत्रू आहे, असे बीजिंगमध्ये म्हणणारे समाजवादी नेते आसानुमा १९६० मध्ये टोकियोत भाषण करत असताना सतरा वर्षांच्या उजव्या तरुणाच्या हल्ल्यात मारले गेले. रशियाच्या ताब्यातल्या दक्षिण कुरील बेटांमुळे रशियावरचा आणि चीन हक्क सांगत असलेल्या सेनकाकू बेटांमुळे चीनवरचा रोष आजही टिकून आहे. अमेरिकेशी असलेले सख्यही निखळ नाही, कारण १९४७ ची राज्यघटना आणि जपानी युद्धनेत्यांवरचा टोकियो खटला विजेत्यांनी लादला, ही या वर्तुळातली जुनी तक्रार आहे. त्या खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणाऱ्या न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक युद्धात मेलेल्यांबरोबर त्या खटल्यात दोषी ठरलेल्या नेत्यांनाही जिथे पूजले जाते, त्या टोकियोतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ मध्ये उभारले गेले. आणि डिसेंबर २०१३ मध्ये पंतप्रधान आबे तेथे गेले, तेव्हा चीन आणि दक्षिण कोरियापाठोपाठ अमेरिकेनेही जाहीर नाराजी व्यक्त केली.