प्रोपोलिस

प्रोपोलिस : मधमाश्या झाडांच्या कळ्या, साल व जखमांतून पाझरणारी राळ गोळा करतात आणि तीत मेण मिसळून पोळ्यातील भेगा लिंपतात, ते चिकट, तपकिरी, सुगंधी द्रव्य. ग्रीक ‘प्रो’ (पुढे) व ‘पोलिस’ (नगर) यांपासून हे नाव बनले. मराठीत ‘मधमाश्यांचा डिंक’ असेही म्हणतात; परंतु डिंक पाण्यात विरघळतो वा फुगतो, प्रोपोलिस जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ‘राळ’ हा शब्द अधिक नेमका. संस्कृत वैद्यकग्रंथांतील ‘मधूच्छिष्ट’ किंवा ‘सिक्थ’ म्हणजे प्रोपोलिस, असे क्वचित सुचवले जाते. ते शब्द मेणाचे आहेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

ही राळ येते कोठून, यावर दीर्घकाळ दुमत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कुस्टेनमाखर या संशोधकाने ती माशीच्या पोटात पराग पचताना उरणारे बाल्सम (राळयुक्त चिकट द्रव) आहे, असे मांडले. त्याउलट दुसरे संशोधक रॉश यांनी १९२७ मध्ये राळ गोळा करणाऱ्या माश्यांची प्रत्यक्ष निरीक्षणे प्रसिद्ध केली : माशी जबड्याने राळ ओरबाडते, मागच्या पायांवरील परागपिशवीत साठवते आणि पोळ्यात दुसऱ्या माश्या तिचे ओझे उतरवतात. पुढे कळ्यांवरील स्राव व प्रोपोलिस यांचे रासायनिक नमुने ताडून पाहिल्यावर रॉश यांचे मत ग्राह्य ठरले. कच्च्या मालात सुमारे ५% पराग सापडतो, पण तो आगंतुक मानणेच योग्य. या वादाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. राळ झाडाची असेल, तर झाड बदलले की तिच्यापासून केलेले औषधही बदलते.

समशीतोष्ण युरोपातील प्रोपोलिस बहुतांशी पॉप्लर या वृक्षाच्या कळ्यांचे असते. त्यात पिनोसेंब्रिन, क्रायसिन, गॅलॅन्जिन ही फ्लॅव्होनॉइडे (वनस्पतिजन्य संयुगांचा एक वर्ग) आणि कॅफेइक आम्लाची एस्टरे असतात. ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसात आर्टेपिलिन-सी हे संयुग मुख्य. घटकांचे ढोबळ प्रमाण मात्र सर्वत्र पुष्कळसे सारखे सांगितले जाते : राळ ५०%, मेण ३०%, बाष्पनशील तेले १०%, बाकी पराग व इतर. कोकणात पॉप्लर नाही, तेव्हा तेथील राळ दुसऱ्या झाडांची असणार. आग्नेय आशियातील काही नमुन्यांत आंब्याच्या चिकाशी जुळणारी अल्किल रिसॉर्सिनॉले व सायक्लोआर्टेन ट्रायटर्पिने, तर डंखहीन माश्यांच्या थाई नमुन्यांत मँगोस्टीनची झॅन्थोने मिळाली आहेत. आंबा, काजू आणि मँगोस्टीनच्याच प्रजातीतला रातांबा यांनी भरलेल्या किनारपट्टीत याच धाटणीची राळ अपेक्षित धरावी. म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड पद्धतीने मोजलेला ‘एकूण फ्लॅव्होनॉइड’ आकडा येथे प्रतीचा निकष होऊ शकत नाही. ती पद्धत पिनोसेंब्रिनसारखी फ्लॅव्हॅनोने (फ्लॅव्होनॉइडांचाच एक उपवर्ग) सुद्धा कमी दाखवते; ट्रायटर्पिने तर तिला दिसतच नाहीत.

सातेरी (देशी पाळीव मधमाशी) राळ जवळजवळ गोळा करत नाही. तिची भिस्त मेणावर. त्यामुळे सातेरीच्या पेटीतून ‘कोकणी प्रोपोलिस’ निघाल्याचा दावा तपासूनच घ्यावा. राळेचा खरा साठा मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) आणि पोया (डंखहीन माशी) यांच्याकडे. पोया झाडाच्या ढोलीत किंवा चिऱ्याच्या भिंतीतील फटीत राहते व तोंडाशी राळ-मेणाची नळी बांधते. फक्त नळी व बाहेरचा लेप काढावा. अंड्याभोवतीचे वेष्टन काढल्यास मुंग्या शिरतात.

मेलिफेराच्या एका वसाहतीपासून वर्षाला साधारण ५० ते १५० ग्रॅम माल मिळतो. चौकटी खरवडून काढलेल्या मालात मेण, लाकडाची साल आणि रंग येतो. रंगात शिसे असू शकते. त्यापेक्षा झाकणाखाली २ ते ४ मिमी. फटींची प्लॅस्टिक जाळी ठेवावी. प्रोपोलिस सुमारे १५° से. खाली ठिसूळ, २५° से. वर लुसलुशीत होते, म्हणजे किनाऱ्यावर ते बहुधा चिकटच. जाळी शीतपेटीत रात्रभर ठेवून वाकवली की तुकडे झडतात. दमट हवेत गार मालावर लगेच दव धरते. पाणी शिरले की अर्कासाठीच्या अल्कोहोलचा जोर घटतो व साठवलेल्या पुडीला बुरशी येते. म्हणून कुटणे दोन-तीन मिनिटांत उरकून पूड थेट द्रावकात (अल्कोहोलात) टाकतात.

अर्कासाठी ३० ग्रॅम पुडीला ७०% एथिल अल्कोहोल १०० मिलि. घेतात. काळोखात एक ते दोन आठवडे, रोज हलवून, ठेवतात. गाळून रात्रभर ४° से. ला ठेवतात आणि तळाशी बसलेले मेण पुन्हा गाळतात. ९५% अल्कोहोलने मेण जास्त उतरते, नुसत्या पाण्याने राळ सुटत नाही. बाजारातील विकृतीकृत (डिनेचर्ड) स्पिरिट वापरू नये. त्यात मिथेनॉलसारखी विषारी द्रव्ये असू शकतात. अर्क पाण्यात टाकला की दुधाळ होतो, ती विरघळलेली राळ पाण्यात न टिकता बाहेर पडल्याची खूण, भेसळीची नव्हे. अर्काची ताकद ठरवायची, तर १० मिलि. आटवून उरलेला शुष्कांश तोलावा.

स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या ग्रॅम-धन जीवाणूंवर व कँडिडा बुरशीवर परिणाम स्पष्ट दिसतो. ग्रॅम-ऋण जीवाणूंवर कमी, कारण त्यांचे बाह्य पटल राळेला अडवते. कॅफेइक आम्लाचे फेनेथिल एस्टर दाहकारक एनएफ-कप्पा-बी या घटकाला रोखते, असे १९९६ मध्ये दाखवले गेले, परंतु ते पॉप्लर जातीचे द्रव्य आहे. मानवी चाचण्यांचा बरा आधार ओठांवरील नागीण व तोंडातील व्रण यांपुरता. कर्करोगाविषयीची विधाने प्रयोगशाळेतील पेशींवर बेतलेली आहेत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये प्रोपोलिसच्या फ्लॅव्होनॉइडांविषयीचे आरोग्यदावे ग्राह्य धरले नाहीत.

ॲलर्जी ही मुख्य अडचण. पॉप्लर प्रोपोलिसात कॅफेइक आम्लाची एस्टरे ती घडवतात. आंबा-काजूच्या राळेत अल्किल रिसॉर्सिनॉले असतील, तर ज्याचे तोंड आंब्याच्या चिकाने उतते किंवा ज्याला काजूच्या टरफलाचे तेल बाधते, त्याने विशेष जपावे. हाताच्या आतल्या बाजूस थेंबभर अर्क लावून ४८ तास पाहावे. लाली वा खाज आल्यास तोंडातील व्रणावर लावू नये.